रेंजच्या दांड्या पूर्ण, तरीही वेग का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरातील मेश वायफायच्या (म्हणजे घरभर ठेवलेल्या, एकाच नावाने चालणाऱ्या अनेक वायफाय पेट्यांच्या, ज्यांना नोड म्हणतात) कमकुवत जोडणीविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. वरच्या मजल्यावर फोनमध्ये रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असताना मी नोडांच्या आपसातील जोडणीला दोष देतो, पण खरा दोष फायबर सेवा देणाऱ्या कंपनीचाच आहे, असे आपले पहिले म्हणणे. दुकानदार तिसरा नोड घ्यायला सांगतो आणि मी मात्र घेऊ नका म्हणतो, हे दुसरे. आणि केबलच टाकायची असती तर मेश कशाला घेतले असते, हा तिसरा, काहीसा रागाने विचारलेला प्रश्न.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर आपण दिलेल्या आकड्यांतच आहे. आपली योजना 200 एमबीपीएसची आहे. रात्री नऊच्या सुमारास खालच्या माजघरात मुख्य नोडजवळ आपल्याला 190 मिळाले आणि लगेच वरच्या खोलीत जाऊन पाहिले तेव्हा 18. फायबरची लाइन मुख्य नोडपाशी येऊन संपते. ती त्या वेळी मंद असती, तर माजघरातला आकडाही खाली आला असता. माजघरात 190 आणि वर 18 याचा अर्थ उरलेला सगळा वेग आपल्याच घरात, त्या दोन खोल्यांच्या दरम्यान हरवतो आहे. कंपनीकडे तक्रार केल्यास तिचा माणूस येऊन मोडेमपाशी वेग तपासेल, तो योग्य आहे म्हणून सांगेल आणि निघून जाईल, आणि या बाबतीत त्याचे म्हणणे बरोबरच असेल.

मग दांड्या पूर्ण कशा? फोनवरच्या दांड्या फोन ज्या नोडला जोडलेला आहे, तेवढ्याच अंतराचा हिशेब सांगतात. आपला वरचा नोड पलंगाशेजारच्या टेबलावर आहे, म्हणजे फोनपासून हाताच्या अंतरावर, त्यामुळे दांड्या पूर्ण दिसणारच. परंतु त्या नोडला स्वतःला खालून किती सिग्नल मिळतो, हे फोनला कळत नाही आणि तो ते दाखवतही नाही. नोडांच्या या आपसातील जोडणीला बॅकहॉल म्हणतात आणि तिची ताकद राउटरच्या ॲपमध्ये पाहावी लागते. काही ॲप केवळ ‘चांगली’ किंवा ‘कमकुवत’ एवढेच सांगतात, काही डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजण्याच्या एककात, आकडा देतात. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला: उणे 50 उत्तम, उणे 60 पर्यंत समाधानकारक, उणे 70 म्हणजे बॅकहॉलसाठी कमकुवतच. वाचताना उणे 60 आणि उणे 70 यांत फारसे अंतर वाटत नाही, पण या मापात 10 चा फरक म्हणजे सिग्नलची शक्ती दहापट कमी.

आपल्या ॲपमध्ये आकडा दिसत नसेल, तर पिंग करून, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून त्याचे उत्तर किती वेळात येते ते पाहून, तेच कळते. वरच्या खोलीतून आधी मुख्य राउटरच्या घरातल्या पत्त्याला पिंग करावे (तो बहुधा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 असतो, ॲपमध्ये खात्री करून घ्यावी) आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरपर्यंतचे उत्तर सातत्याने काही मिलिसेकंदांत येत असेल आणि बाहेरचेच रखडत असेल, तर मी आपल्यासोबत कंपनीला दोष देईन. पण राउटरपर्यंतचेच उत्तर कधी 5, कधी 140, तर कधी मुळीच येत नाही, असे दिसले तर प्रश्न घरातलाच आहे. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांत होते आणि वाद मिटवते, म्हणूनच मूळ लेखात मी तिला सर्वांत आधी स्थान दिले होते.

आता आपल्या घराविषयी. जांभ्याच्या जाड भिंती, मधे आरसीसी स्लॅब, मुख्य नोड माजघराच्या कोपऱ्यात टीव्हीमागे आणि दुसरा नोड वर, स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला. वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालते. 5 गिगाहर्ट्झच्या लहरींना जाड दगडी भिंत 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा बरीच अधिक अडवते, स्लॅबमधील सळयांची जाळी त्यात भर घालते, आणि भिंत तिरकी ओलांडावी लागली की लहरींच्या वाटेत दगडाची जाडी आणखी वाढते. अशा वेळी अनेक मेश संच 5 गिगाहर्ट्झची जोडणी सोडून 2.4 वर उतरतात. ती तुटत नाही, त्यामुळे ॲपमधला दिवा हिरवाच राहतो, पण वेग मात्र आपण अनुभवता तसा होतो.

यावरचा माझा उपाय आपल्याला विचित्र वाटला, पण तो जपून सुचवलेला आहे: नोड जिथे नेट हवे तिथे ठेवू नये, जिथे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळतो तिथे ठेवावा. आपल्या घरात ती जागा म्हणजे जिन्याचा माथा. जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसतो, त्यामुळे खालचा नोड टीव्हीमागून काढून जिन्याच्या पायथ्याकडे उंचावर आणला आणि वरचा नोड माथ्यावर ठेवला, तर लहरींना मोकळी वाट मिळते. पलंगापाशी दांड्या एखाद-दोनने कमी होतील आणि तरीही वेग वाढेल. फक्त जिन्यालगत लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा नाही ना, हे पाहावे, कारण आरशामागचा धातूचा थरही लहरी परतवतो.

वीज जाऊन आली की वरचे नेट आणखी मंदावते आणि नोड बंद-चालू केल्यावर सुधारते, हे आपण जाता जाता लिहिले आहे. मला ते फार महत्त्वाचे वाटते. वीज आल्यावर सर्व उपकरणे एकदम सुरू होतात, पण मोडेम आणि मुख्य नोड सावरायला वेळ घेतात. त्यातही मुख्य नोड 5 गिगाहर्ट्झच्या 52 ते 144 या चॅनेलांपैकी (पट्टीच्या क्रमांकित भागांपैकी) एखाद्यावर असेल, तर तिथे रडार कार्यरत नाही ना, हे अनेक राउटर निदान 60 सेकंद ऐकतात आणि मगच प्रसारण सुरू करतात. तेवढ्यात वरच्या नोडला 2.4 सापडते, तो तिथे जोडला जातो आणि काही संच पुढे आपणहून 5 वर परतत नाहीत. सेटिंगमध्ये सोय असल्यास चॅनेल 36 ते 48 मधला निवडावा. मोडेम आणि मुख्य नोड छोट्या यूपीएसवर ठेवले, तर कोकणातल्या पावसाळ्यात हा त्रास बराच कमी होईल.

तिसऱ्या नोडविषयी. आपल्या मेव्हण्यांच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये त्याने फरक पडला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण आपल्या वर्णनानुसार त्यांचा नवा नोड आधीच्या दोन नोडांच्या मधल्या पॅसेजमध्ये आहे, म्हणजे त्याने कमकुवत दुवाच जोडला. आपण मात्र तो वरच्या नोडच्याही पलीकडे, गच्चीलगतच्या खोलीत ठेवू इच्छिता. तिथे त्याला सिग्नल देणार तो आजचा वरचाच नोड, ज्याच्याकडे 18 एमबीपीएस आहेत. नोडमधला एकच रेडिओ (लहरी घेणारा-पाठवणारा भाग) खालून घेण्याचे आणि पुढे देण्याचे काम करतो, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. म्हणून बॅकहॉल सुधारण्याआधी तिसऱ्या नोडवर काही हजार रुपये घालवू नका, एवढेच माझे सांगणे होते आणि आहे.

आणि केबल. मेश म्हणजे बिनतारीच असले पाहिजे, ही समजूत जाहिरातींनी रुजवली आहे. वस्तुतः बहुतेक नोडांना लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची खाच) असते आणि तारेने जोडल्यावरही ते मेशच राहतात: नाव एक, पासवर्ड एक. आपले घर स्वतःचे आहे, त्यामुळे जिन्याच्या कडेने पट्टीतून एक केबल वर नेणे अवघड नाही. कॅट 5ई केबलसुद्धा 100 मीटरपर्यंत गिगाबिट वेग पेलते, मात्र तिच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या टोकाच्या प्लगमध्ये नीट क्रिंप झालेल्या (दाबून बसवलेल्या) हव्यात. दोनच जोड्या लागल्या तर जोडणी चालते, पण 100 एमबीपीएसवर अडकते, आणि घाईत काम करणाऱ्या माणसाकडून हे सर्रास होते. केबल घराबाहेरून मात्र नेऊ नये. उन्हाने आवरण तडकते आणि वळवाच्या दिवसांत वीज जवळपास पडली, तर तारेतून येणाऱ्या झटक्याने दोन्ही टोकांचे पोर्ट जळू शकतात.

भाड्याच्या घरात केबल शक्य नसते, हा आपला मुद्दा मात्र रास्त आहे. भाडेकरूंसाठी बॅकहॉलला स्वतंत्र रेडिओ असलेला ट्राय-बँड संच हा पर्याय आहे, जरी तो महाग पडतो आणि जाड भिंतीपुढे त्याचीही ताकद मर्यादितच असते.

दोन्ही नोड जिन्यापाशी हलवल्यावर रात्री नऊलाच पुन्हा मोजावे. वरच्या खोलीतील वेग, राउटरपर्यंतचे पिंग आणि ॲपमधील बॅकहॉलचा आकडा इथे कळवावा. मोजण्याआधी फायबर मोडेमचे स्वतःचे वायफाय बंद करावे. ते त्याच नावाने चालू असेल, तर फोन कोणाला जोडला आहे हे कळत नाही आणि आकडे फसवतात.