‘आधी फॉर्मॅट, मग फाइली’ हा उफराटा सल्ला

दिवाळी सरली की गोव्यात जत्रा, काले आणि त्यांतल्या नाटकांचा मोसम सुरू होतो. ह्या दिवसांत पेनड्राइव्ह पानसुपारीसारखा हातोहात फिरतो. त्यात पार्श्वसंगीत असतं, संहितेची पीडीएफ असते, गेल्या वर्षीच्या प्रयोगाचे फोटो असतात. आणि नेमका ह्याच दिवसांत एक जुना फॉरवर्ड पुन्हा डोकं वर काढतो. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं:

‘फोल्डर उघडत नाही? घाबरू नका! एक, फोल्डरचा शॉर्टकट झाला म्हणजे व्हायरसने फाइली खाल्ल्या. लगेच फॉर्मॅट करा, मग फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, १०० टक्के परत. दोन, फोल्डर करप्ट म्हणत असेल तर चेकडिस्क चालवा, त्याने काही बिघडत नाही. तीन, अ‍ॅक्सेस डिनाइड आलं तर मालकी घ्या, कुठलंही फोल्डर उघडतं. चार, हार्डडिस्क टकटक करत असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.’

ह्यातलं ‘घाबरू नका’ एवढं मला मान्य आहे.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो सगळ्यात जास्त लोकांना लागू पडतो. परवा फोंड्याहून आमच्या मंडळाचा एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. नाटकाला दहा दिवस उरलेले. ‘सगळें गेलें मरे!’ म्हणत त्याने तो टेबलावर ठेवला. फॉरवर्ड वाचून तो फॉर्मॅट करायलाच बसला होता, आईने अडवलं म्हणून बरं.

पेनड्राइव्ह लावल्यावर उघडायच्या आधी मी त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या. ३२ जीबीच्या ड्राइव्हवर ११ जीबी जागा व्यापलेली दिसत होती. उघडल्यावर मात्र आत एकच वस्तू: ‘नाटक’ नावाचा, कोपऱ्यात बाण असलेला शॉर्टकट, आकार २ केबी. मग ११ जीबी कुठे आहे? व्हायरसने खाल्ली असती तर जागा रिकामी दिसायला हवी होती. हा हिशेब फॉरवर्ड लिहिणाऱ्याने केलाच नाही.

शॉर्टकटवर डबल क्लिक करायचं नाही. त्यावर राइट क्लिक करून टार्गेटचा रकाना वाचायचा. तिथे फोल्डरचं नाव नव्हतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला दिलेला हुकूम होता: आधी अमुक स्क्रिप्ट चालव, मग खरं फोल्डर उघड. म्हणूनच शॉर्टकट दाबला की फोल्डर उघडतंही, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तोवर त्याच्या लॅपटॉपला लागण झालेली असते.

खऱ्या फोल्डरचं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पेनड्राइव्हवर फाइली मांडायची बहुधा फॅट-३२ नाही तर एक्स-फॅट ही रचना असते. फॅट-३२मध्ये फोल्डर म्हणजे एक यादी: प्रत्येक फाइलची ३२ बाइटांची नोंद, तीत नाव, आकार, मजकूर कुठून सुरू होतो तो पत्ता, आणि एक बाइट गुणधर्मांचा. त्या एका बाइटमधले दोन बिट, ‘हिडन’ आणि ‘सिस्टम’, ह्या किड्याने, म्हणजे व्हायरसने, चालू केले होते. बस्स. फाइलींना हातही लावला नव्हता. ह्याची काही भावंडं आणखी चतुर असतात. ती सगळं उचलून एका बिननावाच्या फोल्डरात टाकतात, म्हणजे नाव असतं पण ते न दिसणाऱ्या स्पेसचं.

फाइल एक्स्प्लोररच्या ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दाखव ही खूण केली आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स लपव’ ही खूण काढली. फिकट रंगाचं ‘नाटक’ फोल्डर समोर आलं. सगळी गाणी, सगळे फोटो जागेवर. पहिली खूण करून बरेच जण थांबतात, दुसरी विसरतात, आणि म्हणतात काहीच दिसत नाही. प्रॉपर्टीजमधला ‘हिडन’चा चौकोन करडा झालेला आणि दाबला जात नाही असं दिसलं तर तेच कारण: सिस्टमचा बिट अजून चालू आहे. दोन्ही बिट एकदम काढायला अ‍ॅट्रिब नावाची कमांड आहे, पण फाइली कॉपी करून घ्यायला तिचीही गरज लागत नाही. विंडोजला हात लावायची धास्ती वाटत असेल तर पेनड्राइव्ह ओटीजी केबलने अँड्रॉइड मोबाइलला लावून बघा. तिथे विंडोजची स्क्रिप्ट चालत नाही, आणि फॅटचा हिडन बिट तिथे सहसा जुमानला जात नाही.

आता ‘फॉर्मॅट करा, १०० टक्के परत’ ह्याचा अर्थ काय होतो ते पाहा. क्विक फॉर्मॅटमध्ये यादी आणि कुठल्या फाइलचा कुठला तुकडा कुठे आहे तो नकाशा पुसला जातो, मजकूर बहुतेक तसाच पडून राहतो. मग फोटोरेकसारखं सॉफ्टवेअर फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून त्या वेचून काढतं, पण नावं मिळत नाहीत. ‘प्रवेश दुसरा, वादळ’ ह्या गाण्याचं आकड्यांचं काहीतरी नाव होतं, आणि अशी चारशे गाणी. तुकड्यातुकड्यांत साठलेली मोठी व्हिडिओ फाइल तर अर्धवटच यायची. हा झाला नशिबाचा भाग. कुणी ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉर्मॅट केलं, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोज अख्ख्या ड्राइव्हवर शून्यं लिहितात. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा. त्यावर कहर म्हणजे लोक रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवतात आणि सापडलेल्या फाइलीही तिथेच साठवतात, म्हणजे जे वाचवायचं त्यावरच लिहितात.

फॉर्मॅट मीही केला. आधी फाइली दुसऱ्या जागी उतरवल्या, त्यातली दोन-चार गाणी वाजवून पाहिली, मग. आणि तरी काम संपलं नव्हतं. किडा पेनड्राइव्हवर आला कुठून? ध्वनियोजना बघणाऱ्या गड्याच्या लॅपटॉपवरून. तो लॅपटॉप स्कॅन करून साफ केल्याशिवाय पेनड्राइव्ह हजारदा फॉर्मॅट करा, पुन्हा लावल्या लावल्या शॉर्टकट हजर. ह्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही.

दुसरा मुद्दा चेकडिस्कचा, म्हणजे ड्राइव्ह तपासणाऱ्या विंडोजच्या कमांडचा. नुसती चेकडिस्क फक्त वाचते आणि अहवाल देते, तिथवर खरंच काही बिघडत नाही. पण फॉरवर्डसोबत फिरणाऱ्या चित्रात ती ‘एफ’ जोडून दिली आहे, आणि एफ म्हणजे दुरुस्ती. चेकडिस्कचं काम रचना सुसंगत करणं, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. फॅटच्या ड्राइव्हवर फोल्डरची यादीच खराब असली तर ती विचारते: हे फोल्डर फाइलमध्ये बदलू का? घाईत ‘वाय’ दाबलं की फोल्डर फोल्डर राहत नाही, आणि त्यातल्या फाइली पोरक्या होतात. त्यांच्या तुकड्यांच्या पोरक्या साखळ्या ती ‘फाउंड’ नावाच्या, पुढे तीन शून्यं असलेल्या फोल्डरात सीएचके शेपटीच्या (एक्स्टेन्शनच्या) क्रमांकांच्या फाइली करून ठेवते.

माझ्या एका आतेबहिणीच्या कॅमेऱ्याच्या कार्डाचं असंच झालं होतं. बारशाचे फोटो. कुणीतरी एफ चालवलं, कार्ड ‘दुरुस्त’ झालं आणि रिकामं दिसू लागलं. फाउंडचं फोल्डरही लपवलेलं असतं, हे कुणाला माहीत नव्हतं. त्यातल्या सीएचके फाइलींची शेपटी बदलून जेपीजी केली तेव्हा काही फोटो आले. एकात बाळाच्या कपाळापर्यंत चित्र आणि खाली नुसता राखाडी पट्टा. ते पाहून आत्याने मला जो चेहरा दाखवला तो अजून आठवतो, जसं काही मीच एफ दाबलं होतं.

कार्ड करप्ट म्हणालं की आधी त्याची पूर्ण प्रतिमा (इमेज), म्हणजे अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत, काढायची, अगदी रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे ह्या कामाला उत्तम: जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं आणि कुठे काय राहिलं ह्याची नोंद ठेवतं. मग टेस्टडिस्क हे दुरुस्तीचं सॉफ्टवेअर असो, फोटोरेक असो की चेकडिस्क, सगळे प्रयोग त्या प्रतिमेच्या नकलेवर. नक्कल बिघडली तर दुसरी काढा.

तिसरा मुद्दा झटपट. फॅट-३२ किंवा एक्स-फॅटच्या पेनड्राइव्हवर फाइलची मालकी नावाची गोष्टच नसते, तेव्हा घेणार काय? तिथे अ‍ॅक्सेस डिनाइड आलं तर शंका बिघाडाची घ्या. जुन्या कॉम्प्युटरची एनटीएफएस डिस्क (विंडोजची ही रचना मालकीची नोंद ठेवते) नव्याला लावली असेल तर मालकी घेण्याचा उपाय बरोबर आहे, कारण नव्या विंडोजला जुना वापरकर्ता ओळखीचा नसतो. पण ‘कुठलंही फोल्डर’ हे खोटं. फाइली विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर मालकी मिळूनही मजकूर मिळत नाही, त्याला जुन्या खात्याची किल्लीच लागते. घराचं खरेदीखत हातात आहे म्हणून तिजोरी उघडत नाही.

राहता राहिला फ्रीजर. हार्डडिस्कच्या आत वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरांवर तरंगत असतं, आणि बहुतेक डिस्कांना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बारीक छिद्र असतं. आता जून महिना डोळ्यांसमोर आणा, जेव्हा आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. त्या हवेत उणे अठराहून काढलेली डिस्क टेबलावर ठेवली की थंड बाटलीसारखा तिला घाम फुटतो, आणि छिद्रातून दमट हवा शिरली तर आतूनही. खूप जुन्या डिस्कांमध्ये डोकं चिकटून बसायचं, तेव्हा ह्या युक्तीने एखादी सुटली असेल. त्या एका डिस्कची गोष्ट लोक वर्षानुवर्षं सांगतात, बाकीच्या कचऱ्यात गेल्या त्यांची कोण सांगणार?

टकटक ऐकू आली की वायर काढा. पुन्हा पुन्हा लावून ‘आता चालते का’ बघू नका, दर वेळी डोकं तबकडी खरवडत असू शकतं. फाइली मोलाच्या असतील तर डिस्क उघडून काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या. ते काम खर्चाचं असतं, म्हणून आधी अंदाज विचारून घ्या. आणि देताना आवाज कधी सुरू झाला, त्यानंतर काय काय केलं, ते सगळं खरं सांगा, फ्रीजरमधल्या बांगडे-मासळीच्या पिशवीशेजारी घालवलेल्या रात्रीसकट.