‘ग्रेप असताना ऑपार्स कशाला?’

लिनक्स सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ऑडिट लॉग, म्हणजे मशीनवर कोणी काय केलं याची नोंद, ही साधी टेक्स्ट फाइल आहे, एक ओळ म्हणजे एक घटना, नावं समोरच दिसतात आणि कोणत्या आकड्याचा काय अर्थ याचा तक्ता एकदा करून ठेवला की झालं. हा लॉग उलगडून देणाऱ्या ऑपार्स लायब्ररीच्या नादी लागू नका, ओळींत शब्द शोधणारी ग्रेप ही कमांड पुरे. नवीन मुलं हे ऐकून तपासाला बसतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

एक ओळ म्हणजे एक घटना नव्हे. एक फाइल उघडली की सिस्कॉल (प्रोग्रामने लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, केलेली मागणी), सीडब्ल्यूडी (चालू फोल्डर), पाथ (फाइलचा पत्ता), प्रॉकटायटल (चालवलेली कमांड) अशा वेगवेगळ्या नोंदी पडतात. फाइलचं नाव पाथच्या ओळीत, उघडणारा कोण ते सिस्कॉलच्या ओळीत. वेळ आणि अनुक्रमांक सारखे, एवढाच दुवा. गर्दीच्या सर्व्हरवर दोन घटनांच्या ओळी एकमेकींत घुसतात. ऑपार्स त्या जुळवून अख्खी घटना हाती देते.

नावांचं तर फारच वाईट. नावात स्पेस, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षरसंचात नसलेलं) अक्षर असलं की कर्नल ते नाव हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइटचे दोन अंक करून, लिहितो. म्हणजे देवनागरी नावाची प्रत्येक फाइल! ‘वेतन’ या नावात युनिकोडची ४ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट. लॉगमध्ये पडते २४ हेक्स अंकांची माळ. ग्रेपला ‘वेतन’ कधीच सापडणार नाही, आणि तेवढ्यावरून ‘फाइलला कोणी हात लावला नाही’ असा अहवाल गेला तर तो धडधडीत चुकीचा. कमांडचंही तेच. दोन शब्दांमध्ये शून्य बाइट असतो, म्हणून कॅट ही कमांड फाइलच्या नावासकट चालवली की प्रॉकटायटलची सुरुवात ६३६१७४०० अशी दिसते.

आता तक्ता. सिस्कॉल क्रमांक ११ म्हणजे काय? ६४-बिट इंटेल प्रोग्रामसाठी म्युनमॅप (मेमरीची जोडणी सोडणं), ३२-बिटसाठी एक्झेकव्हीई (नवा प्रोग्राम चालवणं). एकाच मशीनवर दोन्ही चालू शकतात, त्यामुळे आर्चचं फील्ड (मागणी कोणत्या प्रकारच्या प्रोग्रामची ते सांगणारं) न बघता अर्थ लावताच येत नाही. ऑपार्सचं इंटरप्रिट फंक्शन ते बघतं. एयूआयडी (मुळात लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचा क्रमांक) ४२९४९६७२९५ हा कुणी वापरकर्ता नसून ‘नेमलेला नाही’ अशी खूण आहे, हेही त्याला ठाऊक असतं.

नुसत्या ओळी मोजायच्या असतील तर ग्रेप खुशाल वापरा.

ऑपार्स वापरणाऱ्यांनीही एक जपावं. लॉग दुसऱ्या मशीनवर नेऊन वाचला तर यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) १००० ला त्या मशीनवरच्या माणसाचं नाव लागतं. हा लॉग लिहिणाऱ्या ऑडिटडी या प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये लॉग फॉरमॅट ‘एनरिच्ड’ ठेवला असेल, तर मूळ नाव नोंदीबरोबरच जातं.