उलटे भिंग

पन्नाशी उलटल्यावर मला अतिनिकट, म्हणजे ज्याला मॅक्रो म्हणतात त्या छायाचित्रणाचे वेड लागले. त्यासाठीच्या खास भिंगाच्या किमतीत घरी नवा फ्रीज आला असता, आणि फ्रीजची मागणी 2 वर्षे प्रलंबित असल्याने तो विषय काढणे शहाणपणाचे नव्हते. मग कळले की काही शे रुपयांची एक कडी मिळते. तिच्या साहाय्याने आपले साधे 50 मिमीचे भिंगच कॅमेऱ्यावर उलटे बसवले, की समोरचा किडा सेन्सरवर जवळजवळ त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो. "भिंग उलटं लावायचं होय? शोभतंय तुला," एवढेच आई म्हणाली.

उलट्या भिंगाशी कॅमेरा बोलत नाही, त्यामुळे फोकस साधायला स्वतःलाच मागेपुढे व्हावे लागते, आणि स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटरभर असतो. मुंगीचे डोळे धरावेत तर कंबर धुक्यात जाते आणि कंबर धरावी तर मुंगीच निघून जाते. आपण ज्याला 'वारा पडलाय' म्हणतो, त्या वेळीही तुळशीची मंजिरी वादळात सापडल्यासारखी हलत असते, हे मला या वयात समजले. बाल्कनीत गुडघे टेकून, श्वास रोखून, कुंडीसमोर मी अर्धा अर्धा तास जो सूक्ष्म डोलत असे, तो पाहून समोरच्या इमारतीतल्या काकूंनी आईला हळूच विचारले, "यांच्या अंगात येतं का हो?" आईने नाही म्हटले, पण फारसे ठामपणे नाही.

पहिले धड छायाचित्र मिळाले ते भिंतीवरच्या, जाळे न विणता उडी मारून भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्याचे. त्याला 8 डोळे असतात, त्यांतले 4 समोर, आणि मधले दोन एवढे टपोरे की भिंग जवळ नेताच तो अख्खे अंग वळवून, उशिरा आलेल्या परीक्षार्थीकडे पाहावे तसा, आपल्याकडे पाहतो. आई झाडू घेऊनच आली होती. तिला पडद्यावर चित्र दाखवले. "काजळ घातल्यासारखं दिसतंय की मेल्याच्या डोळ्यांत," असे म्हणून तिने झाडू खाली ठेवला, आणि इथेच माझा आत्मविश्वास नको तेवढा वाढला.

कारण पुढच्याच आठवड्यात कढीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा दिसली, आणि भिंगातून पाहताच ती पाने खाऊ लागली. कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी लहानपणी असेच सोंग घेते, पुढे हिरवी होते आणि डिवचल्यास मानेमागून लाल, दुर्गंधी शिंगे काढते. फोडणीसाठी पाने खुडायला आलेल्या आईला मी अडवले. याच कुळातले ब्लू मॉर्मन 2015 पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे, तेव्हा हा राज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, असेही सांगून पाहिले. "मग राज्यानं द्यावा कढीपत्ता," आई म्हणाली. अळीने दोन आठवड्यांत झाडाच्या काड्या केल्या. कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता फुकट मागण्याची वेळ आल्याने भाजीवाल्याकडे आमची पत घसरली, आणि अळीने कोष केला तो नेमका कपडे वाळत घालायच्या दोरीवर, त्यामुळे चादरी दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवर वाळू लागल्या.

हे सारे मी एका क्षणासाठी सोसले. कोष काळपट पडला, आतले पंख दिसू लागले, तेव्हा पहाटे पाचपासून मी स्टूल मांडून बसलो. साडेसातला बॅटरी संपली. ती चार्ज होईपर्यंत दात घासून, आंघोळ उरकून परततो तो दोरीवर रिकामे टरफल.

"आत्ताच गेलं," आई म्हणाली. बाहेर आले तेव्हा पंख ओल्या पदरासारखे चुरगळलेले होते, मग हळूहळू उलगडले, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती, हे सगळे तिने चष्म्याशिवाय पाहिले होते.

"मला हाक का नाही मारलीस?"

"तू नव्हतास म्हणून तर निवांत बाहेर आलं बिचारं," असे म्हणत तिने दोरीवर चादर टाकली.