ऑपरेशन फुकट झालं, पण पुढे आईचं काय?

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. हे लिहू की नको असं रोज डोक्यात घोळत होतं, आज लिहितेच.

आई ७६ वर्षांची. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ ला जे आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं ते आम्ही आधीच काढून ठेवलेलं. (काढताना आईच्या बोटांचे ठसेच उठेनात मशीनवर, जन्मभर भांडी घासून आणि सारवण करून गुळगुळीत झालेली बोटं ती, शेवटी ओटीपीवर काम झालं.) कार्डामुळे ऑपरेशनला एक रुपया लागला नाही, बीपी-शुगर जुनी असूनही कुणी अडवलं नाही, आणि सर्जननी काम चोख केलं. हे आधी सांगते कारण मी योजनेला नावं ठेवायला बसलेली नाही. कार्ड नसतं तर वहिनीचे दागिने मोडावे लागले असते.

पण ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री आई भ्रमिष्टासारखी बोलायला लागली. वडिलांना हाका मारायची, सलाईन ओढायची, "गुरं सोडायची राहिलीत" म्हणून उठायला बघायची. मी चहाला खाली जाऊन आले तर तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने कॉटला बांधलेले, मनगटं लाल झालेली आणि ती छताकडे बघत रडतेय. वॉर्डात एकच सिस्टर, तिच्याकडे अख्खा मजला, तिला तरी काय बोलणार. म्हाताऱ्या माणसांना अशा ऑपरेशननंतर असं होतं, बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं, ओळखीचं माणूस उशाशी हवं, चष्मा डोळ्यांवर हवा, हे नंतर आमच्या गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथे कुणी एक शब्द बोललं नाही, आम्ही समजलो की आईचं डोकंच गेलं.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. दर दोन तासांनी कूस बदला, वॉकर असा धरा, कॉटवरून असं उतरवा, यातलं काहीही दाखवलं नाही. "हालवू नका फार" एवढंच ऐकून आम्ही तिला आठ दिवस उताणी ठेवली आणि माकडहाडाशी रुपयाएवढी जखम झाली. आता ड्रेसिंग, हवेची गादी, घरी येणारा फिजिओ, सगळं खिशातून, कारण ॲडमिट नसलेल्या माणसाचं हे काही योजनेत बसत नाही. डिस्चार्जनंतरची १५ दिवसांची औषधं मात्र पॅकेजमध्ये असतात, पण तेही आम्हाला विसाव्या दिवशी कळलं, तोवर मेडिकलवाल्याला पैसे देऊन बसलो होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक ऑपरेशनचा दर ठरलेला, पेशंट चार दिवस राहिला काय नि आठ दिवस राहिला काय, पॅकेज तेवढंच. मग घाईत घरी पाठवणार नाहीत तर काय? तरण्या माणसाला ते चालूनही जातं. पण म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की ऑपरेशन ही सुरुवात असते, खरी लढाई नंतर, ते माणूस परत स्वतःच्या पायाने संडासला जाईल का नाही ते पुढच्या दोन महिन्यांत ठरतं. ७० वर्षांवरच्यांसाठी वेगळं कार्ड काढलंत ना, मग पॅकेजही त्यांच्या वयाचं काढा. फिजिओचे दहा-बारा दिवस त्यात घाला, महिन्याने एक फोन करून विचारा की आजी उभ्या राहतात का, आणि हॉस्पिटलच्या पैशातला काही भाग त्या उत्तरावर ठेवा. कुणी पैसे मागितले का एवढंच विचारून दर्जा कळत नाही हो.

ज्यांच्या घरी कुणी ॲडमिट आहे त्यांनी डिस्चार्जच्या आधीच आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) गाठा, १५ दिवसांची औषधं मागून घ्या, आणि कूस कशी बदलायची, कसं उभं करायचं ते सिस्टरकडून शिकून, स्वतः करून बघितल्याशिवाय पेशंटला घरी हलवू नका. टाळाटाळ केली तर योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला, फोन लावा.

जखम आता भरत आलीये. काल आई वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आली, मग दम लागला म्हणून तिथेच खुर्चीवर बसवली. साडेअकराला ड्रेसिंगवाले येणार आहेत, कमेंट संध्याकाळी बघते.