ज्वानेंगची खाण कोणाची?

हिऱ्यांच्या खाणीचा विषय निघाला की बोलणे लगेच हिऱ्यांच्या किमतीवर जाते. तो दगड बाहेर कसा येतो आणि त्याचा पैसा कोणाच्या हाती पडतो, हे मागेच राहते. दक्षिण आफ्रिका खंडभागातील बोट्स्वाना देशातली ज्वानेंगची खाण मूल्याच्या दृष्टीने जगातील सर्वांत श्रीमंत हिऱ्यांच्या खाणींपैकी एक मानली जाते. तिच्याविषयी मला आदर वाटतो तो मात्र मालकीच्या प्रश्नामुळे.

कालाहारी वाळवंटाच्या वाळूखाली दडलेल्या किंबर्लाइट या हिरे असलेल्या खडकात 1982 पासून येथे उघड्यावर खोदकाम चालू आहे आणि खड्डा आता सुमारे 400 मीटर खोल गेला आहे. खोल जायचे तर आधी रुंद व्हावे लागते, नाहीतर कडा ढासळतात. त्यामुळे सुरुंग लावून फोडलेल्या आणि डंपरने वर आणलेल्या दगडांतला मोठा भाग निव्वळ टाकाऊ असतो. उरलेला किंबर्लाइट क्रशरमध्ये फुटतो, फेरोसिलिकॉनची (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूची) पूड मिसळलेल्या जड द्रवात हिरे आणि इतर जड खनिजे तळाशी बसतात, आणि पुढे क्ष-किरणांखाली हिरा चमकला की हवेचा झोत नेमका तेवढाच खडा बाजूला उडवतो. चोरीला वाव राहू नये म्हणून हे शेवटचे टप्पे बंदिस्त यंत्रांत, माणसाचा हात न लागता पार पडतात. ‘कट-9’ या विस्तारातून 4.4 कोटी टन खडकामागे 5.3 कोटी कॅरेट (एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम) अपेक्षित धरले होते, म्हणजे टनामागे जेमतेम पाव ग्रॅम!

आता मालकीकडे येतो. 1966 मध्ये स्वतंत्र झालेला हा देश अत्यंत गरीब होता. 1967 मध्ये याच देशातील ओरापा येथे हिरे सापडले ते राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात, आणि तरीही त्यांच्या सरकारने खनिजांचा हक्क जमातींकडे न ठेवता राष्ट्राकडे घेतला. पुढे डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबरच्या, ही खाण चालवणाऱ्या डेब्स्वाना कंपनीत सरकारने निम्मा वाटा मिळवला. कर आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) धरून नफ्यातील सुमारे 80 टक्के रक्कम सरकारकडे जाते. त्यातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. खनिजांनी समृद्ध असूनही कंगाल राहिलेले प्रदेश पाहिले की या निर्णयाचे मोठेपण अधिकच जाणवते.

अर्थात एकाच मालावर देश उभा करण्याचा धोका आज समोर आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांमुळे मागणी घसरली, डेब्स्वानाला उत्पादन कमी करावे लागले आणि सरकारी तिजोरीला थेट झळ बसली. फेब्रुवारी 2025 च्या करारानुसार डेब्स्वानाच्या उत्पादनातील सरकारी कंपनीचा विक्रीचा वाटा पहिली पाच वर्षे 30 टक्के आणि नंतर 40 टक्के होणार आहे, पण माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही. पैलू पाडण्याचे कामही शक्य तितके राजधानी गाबोरोनेत व्हायला हवे. त्यामुळे सुरतेच्या कारखान्यांकडे आणि आपल्या मुंबईतील बीकेसीच्या हिरेबाजाराकडे येणारा काही माल कमी झाला, तरीही.