बिजलीचा दाब

‘भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला?’ या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर मी लहानपणापासून विनातक्रार मान्य करीत आलो होतो. गेल्या पौषात मात्र मी एका घोडीला सलग सतरा दिवस फिरवले आणि ती सतराही दिवस अडली. कोडे रचणाऱ्याने भाकरी आणि पाने स्वतः फिरवली असतील. घोड्याचे काम त्याने बहुधा दुसऱ्यावर सोपवले असावे.

घोडी माझी नव्हे. माझ्या मेहुण्याने ती सारंगखेड्याच्या यात्रेतून, म्हणजे दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या घोडेबाजारातून आणली. मारवाडी जात, कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडलेली, आणि नाव बिजली. घोडी दारात आली त्याच आठवड्यात मेहुण्याच्या कमरेने संप पुकारला. ‘दाजी, नाहीतरी तुम्ही आता मोकळेच असता,’ असे म्हणून त्याने लंजिंगची, म्हणजे घोडा आपल्याभोवती गोलात फिरवण्याची, दोरी माझ्या हाती दिली. भाचीला घोड्यावर बसायला शिकवायचे होते, आणि घोडी एका लयीत दुडकत नसेल तर पाठीवरच्या पोराला उठण्याबसण्याचा ताल सापडत नाही, म्हणून आधी बिजलीला संथ, एकसारख्या दुडक्या चालीची सवय लावायची होती.

कागदावर हे काम अगदी सोपे आहे. आपण मध्यभागी उभे राहायचे, आठ मीटर लांब दोरीच्या टोकाला घोडी, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात लांब चाबूक. दोरी आणि चाबूक या त्रिकोणाच्या दोन बाजू, घोडी हा पाया आणि आपण शिरोबिंदू. चाबूक मारायचा नसतो, नुसता मागे धरायचा असतो. दोरीची शिल्लक हाताला गुंडाळायची नसते, घड्या घालून धरायची असते; घोडी उधळली तर गुंडाळलेल्या दोरीबरोबर हातही जातो, असे मेहुण्याने पडल्यापडल्या प्रसन्नपणे सांगितले. गोलात सतत वळत राहिल्याने सांध्यांवर ताण येतो, म्हणून एका अंगाने दहा मिनिटे झाली की तेवढीच दुसऱ्या अंगाने करायची आणि आवरते घ्यायचे. वारीच्या गोल रिंगणात माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना आणि दोरीशिवाय धावतो हे मी डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे, दोरी असताना काय अवघड असणार, असा माझा समज झाला.

मी पस्तीस वर्षे हिशेबतपासणीत काढलेला माणूस. आठ मीटर त्रिज्या म्हणजे सुमारे ५० मीटरचा फेरा, आणि बेताच्या दुडकीला त्यासाठी १४ सेकंद पुरे, असे मी आदल्या रात्रीच मांडून ठेवले होते. पहिल्या दिवशी घड्याळ लावले आणि फेरा बरोबर १४ सेकंदांत पुरा झाला. दुसराही १४. मी घरी फोन करून कळवले. मग सहज अर्ध्या फेऱ्याची वेळ घेतली, तर फाटकाकडे जाणारा अर्धा फेरा पाच सेकंदांत आणि परतीचा अर्धा नऊ सेकंदांत होत होता. म्हणजे सरासरी निर्दोष आणि घोडी सदोष. असे ताळेबंद मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. त्यांवर सहीही केली होती.

फाटकापलीकडे तबेला होता, तबेल्यात कडबा होता. त्या दिशेला तोंड झाले की बिजलीचा दाब एकदम वाढे, आणि पाठ झाली की भारनियमन सुरू होई. तिसऱ्या चौथ्या फेऱ्याला तर ती परतीच्या वाटेवर पूर्ण थांबून, वीज मंडळाच्या शांतपणाने माझ्याकडे पाहत राही. मी गूळ दिला. ती गुळासाठी थांबायला शिकली. मग मोबाइलवर तबल्याचा ठेका लावला. दुडकीत तिरप्या जोडीचे पाय एकदम पडतात, त्यामुळे ठोके दोनच. ठेका जमायला हरकत नव्हती. बिजलीवर त्याचा काडीमात्र परिणाम झाला नाही, पण मला मात्र समेवर चाबूक उचलण्याची सवय जडली, आणि दर समेला घोडी दचकून दोन टापा पुढे जाऊ लागली.

सतराव्या दिवशी तबेल्यातले वयस्क मोतद्दार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, कबड्डीच्या मैदानाची उरलेली पांढरी फक्की घेऊन आले आणि त्यांनी माझ्या पायांभोवती परातीएवढे वर्तुळ आखले. ‘दाजी, दहा मिनिटं चालू द्या. घोडीकडं मी बघत नाही, तुमच्याकडं बघतो.’ दहा मिनिटांनी मी खाली पाहिले. फक्की पार पुसली गेली होती आणि मी वर्तुळापासून सात पावले दूर, फाटकाच्या दिशेने, चिंचेच्या सावलीत उभा होतो. त्याच दिशेला माझा चहा झाकून ठेवलेला असे, हे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. बिजली फाटकाकडे निघाली की मीही तिच्या पुठ्ठ्यामागून निघत होतो, म्हणजे तिला हाकत होतो. आणि ती वळली की मी तिच्या खांद्यापुढे आडवा येत होतो, म्हणजे तिला थोपवत होतो. बिचारी सतरा दिवस माझे तंतोतंत ऐकत होती.

मामांनी नवे वर्तुळ आखले. डावी टाच जमिनीत रोवायची, तिच्याभोवतीच फिरायचे, बेंबी कायम घोडीच्या पोटाकडे ठेवायची आणि चहाकडे बघायचे नाही. मी टाच रोवली. पहिला फेरा १५, दुसरा १४, पुढचे चार १४, आणि प्रत्येकाचे दोन्ही अर्धे सातसात! दोरी ना ढिली ना ताठ, टापांचा आवाज उखळातल्या मुसळासारखा एकसुरी. त्यानंतरचे फेरे मला मोजता आले नाहीत, कारण चिंच, फाटक, मामा आणि तबेला हे सर्व एका लयीत माझ्याभोवती दुडकू लागले होते. ‘हो’ म्हणताच बिजली जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. आणखी अर्धा फेरा स्वतःपुरता पूर्ण करून फक्कीत बसलो. ती दोरीपाठोपाठ चालत आली आणि तिने माझ्या खिशात गुळासाठी नाक घातले.

मामांनी घड्याळ पाहिले.

‘झ्याक. उठा दाजी, आता तेवढंच उलट्या अंगानं.’