घ्या, केला उजेड!

आज पहाटेपासून माझं टाळकं सरकलेलं आहे. कारण सांगितलं की लोक हसतात, त्यामुळे ते आणखी सरकतं.

झोपमोड करून तळ्याकाठी गेलो, ट्रायपॉड रोवला, कॅमेरा डोंगराकडे वळवला. सूर्य क्षितिजाखाली 12 अंशांपासून 6 अंशांपर्यंत वर सरकतो, त्या वेळात आभाळ निळं व्हायला लागतं, पण डोंगर काळाकुट्टच राहतो. मला तो काळाकुट्ट हवा होता. 30 सेकंदांचं एक्सपोजर लावलं, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा तेवढा वेळ उघडा, बटण दाबलं, श्वाससुद्धा बेताने घेत उभा राहिलो. विसाव्या सेकंदाला मागून बॅटरीचा झोत आला तो थेट कॅमेऱ्यासमोरच्या गवतावर.

"घ्या, केला उजेड! आता दिसेल तुम्हाला."

फिरायला आलेले एक काका होते. चेहऱ्यावर परोपकार ओसंडत होता.

"काका, बॅटरी बंद करा ना."

"अहो, पण अंधार आहे."

"अंधाराचाच फोटो काढतोय."

काकांनी बॅटरी बंद केली. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग फार मायेने विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

दुसऱ्यांदा बटण दाबलं. या वेळी 30 सेकंद निर्विघ्न पार पडले.

"आला?"

"थांबा. अजून 30 सेकंद."

"आत्ता तर झाला म्हणालात."

इथे मी आयुष्यातली एक चूक केली. खरं उत्तर दिलं. पडदा इतका वेळ उघडा राहिला की सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, समोर नसलेले ठिपकेही फोटोत उमटवतो. म्हणून कॅमेरा तेवढाच वेळ पडदा मिटून नुसत्या काळोखाचा दुसरा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करतो, असं मी सविस्तर समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"म्हणजे या घडीला पडदा बंद आहे?"

"हो."

"आणि फोटो चालू आहे?"

"हो."

"कशाचा?"

"...अंधाराचा."

"मग एवढ्यासाठी इथवर कशाला आलात? घरी कपाटात बसून काढायचा!"

हा दुसरा फोटो कपाटातसुद्धा निघाला असता, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. तारे टिपणारी मंडळी लेन्सला चक्क झाकण लावून असे काळेशार फोटो मुद्दाम काढतात. पण हे काकांना सांगायला मला काय वेड लागलंय?

अशा वेळी मला अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आठवतो. 1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्याला दिसलं की वर चंद्र आलाय आणि खाली कब्रस्तानातल्या क्रूसांवर शेवटचं ऊन आहे. गाडी थांबवली, तर उजेड मोजायचं मीटर सापडेना. बिचाऱ्याने चंद्राच्या तेजाचा पाठ असलेला आकडा धरून गणित मांडलं आणि एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. हा किस्सा छायाचित्रकार मोठ्या भक्तीने सांगतात. मला मात्र त्यात एवढंच दिसतं, की त्याला कुणी बॅटरी मारली नाही.

आणि काकांना तरी किती बोल लावायचा? माझ्या कॅमेऱ्यालाही काळं खपत नाही. त्याच्या मीटरच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट सरासरी करड्या रंगाची असते. त्याच्यावर सोडलं तर बर्फ मळकट येतो आणि काळा डोंगर राख फासल्यासारखा. काळ्याला काळं ठेवण्यासाठी मलाच एक्सपोजर दोन स्टॉप, म्हणजे उजेड पावपट होईल इतकं, खाली ओढावं लागतं. मोबाइलवाल्यांनी तर कहर केलाय. नाइट मोड एकापाठोपाठ फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर चढवतो आणि मध्यरात्रीची भर दुपार करून हातात देतो. जणू रात्र म्हणजे कुणाकडून तरी राहून गेलेलं काम! सावली दिसली की उजळ, कोपरा दिसला की उजळ. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते फोटोत दिसतं, आणि याला लोक 'किती खरा आलाय' म्हणतात. चिडू नको तर काय करू?

तर, माझ्या तिसऱ्या फोटोच्या वेळी मागे खट्ट वाजलं. काकांनीही मोबाइलवर एक काढला होता. "तुमचाही असू दे आठवण म्हणून," म्हणाले, आणि नंबर मागून तिथल्या तिथे पाठवलासुद्धा. तोवर पूर्वेला फटफटलं आणि माझा काळोख संपला.

घरी येऊन बायकोला माझा फोटो दाखवला. तिने लॅपटॉप थोडा तिरका केला, मग सरळ केला.

"ब्राइटनेस कमी आहे का रे याचा?"

मी गप्प. मग तिने मोबाइलवर काकांचा फोटो उघडला. लखलखीत उजेडात मी कॅमेऱ्यावर ओणवा, तोंड उघडं, शर्ट मागून वर सरकलेला. माझ्यापलीकडे डोंगर, झाडन् झाड मोजून घ्यावं असा.

"मागचा डोंगर बघ किती स्वच्छ आलाय," ती म्हणाली. "हाच काढायला गेला होतास ना?"